वारणेचं पाणी आणि इंग्रजीतला ‘दि’

कोडोलीच्या शिवारात पडलेला पाऊस कुठल्या समुद्राला जाऊन मिळतो? पन्हाळा तालुक्यातल्या या मोठ्या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. सुटीत गणपतीपुळ्याला जाऊन आलेलं पोर झटक्यात सांगेल, अरबी समुद्राला. पण इथलं पाणी पश्चिमेकडे पाठ करून निघतं. ओढ्यानाल्यांतून ते वारणेत उतरतं, वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत मिसळते आणि कृष्णा कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा लांबचा पल्ला गाठून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात शिरते. बंगालचा उपसागर हा हिंदी महासागराचाच एक भाग. म्हणजे कोडोलीच्या पागोळीचं पाणी शेवटी हिंदी महासागरात पोचतं, तेही हजार किलोमीटरहून लांबच्या वाटेने.

आता हाच प्रवास इंग्रजीत सांगायचा तर वाक्य असं होतं : ‘द वारणा फ्लोज इंटू द कृष्णा, द कृष्णा फ्लोज इंटू द बे ऑफ बेंगॉल, अँड द बे ऑफ बेंगॉल इज पार्ट ऑफ दि इंडियन ओशन.’ एका वाक्यात सहा वेळा तो छोटा शब्द, ‘द’ किंवा ‘दि’. मराठी शाळेतल्या मुलाच्या वहीत मात्र बहुतेक वेळा ‘वारणा रिव्हर मीट टू कृष्णा रिव्हर’ असं सापडतं आणि पुढे ‘इन इंडियन ओशन’. क्रियापदाची चूक गुरुजी लाल शाईने दुरुस्त करतात. गाळलेला ‘द’ पुष्कळदा तसाच राहून जातो. तो दिसत नाही, कारण तो लिहिलेलाच नसतो. नसलेल्या शब्दाखाली रेघ कशी ओढणार?

हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी सहज येत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मराठीत असा शब्दच नाही. ‘समुद्र खवळलाय’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला कुठला समुद्र ते बसल्याजागी कळतं. फारच नेमकं सांगायचं असेल तर आपण ‘तो’ किंवा ‘ती’ लावतो : ‘तो समुद्र, ज्यात सिंधुदुर्ग उभा आहे.’ अनोळखी वस्तू असेल तर ‘एक’ येतो : ‘एक नदी होती.’ याच्या अधेमधे मराठीला काही लागत नाही. इंग्रजीला लागतं. तिथे नामाआधीची जागा रिकामी ठेवली तर ती रिकामी जागाही काहीतरी सांगते, आणि कधी कधी भलतंच सांगते.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण कृष्णेचंच आहे. ‘आय सॉ कृष्णा’ म्हटलं तर इंग्रजी वाचकाला वाटेल, कृष्णा नावाची बाई भेटली, किंवा देवाने दर्शन दिलं. ‘आय सॉ द कृष्णा’ म्हटलं की नदी समोर येते. कोडोली-वारणानगरच्या पट्ट्यात तर ‘वारणा’ या नावाचं ओझंच केवढं. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना वारणा, दूध वारणा, बाजार वारणा, मुलांचा वाद्यवृंद वारणा. ‘वारणा इज फेमस’ या वाक्यात नेमकं काय प्रसिद्ध आहे, हे गावाबाहेरच्या माणसाला कळणं कठीण. आधी ‘द’ आला की त्याच्या डोळ्यांपुढे चांदोलीच्या धरणातून सुटलेलं, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांमधली हद्द आखत वाहणारं पाणी उभं राहतं. नद्या, समुद्र, महासागर या तिघांना इंग्रजीने एकच शिस्त लावली आहे.

नियम तसा शाळेत शिकवतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी असे नियम घोकले, आणि 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आल्यावरही यादी तीच राहिली : नद्या, समुद्र, महासागर, पर्वतरांगा, वाळवंटं यांच्या नावांआधी ‘द’ येतो. गाळलेल्या जागा भरा, एक गुण मिळवा. परीक्षा संपली की नियमही संपतो. कारण यादी पाठ होते, पण ती अशी का, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्यामागचं कारण कळलं तर नियम लक्षात ठेवण्याचे कष्ट निम्म्याने कमी होतात. ‘इंडियन ओशन’ या जोडीत ‘ओशन’ हे साधं सामान्यनाम आहे, महासागर. ‘इंडियन’ हे त्याचं विशेषण. महासागर अनेक आहेत, त्यातला हा हिंदकडचा. अनेकांतला अमुक एक, असं बोट दाखवून सांगायचं की इंग्रजीत ‘द’ येतो. ‘पॅसिफिक’ म्हणजे शांत, ‘आर्क्टिक’ म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा, सगळी विशेषणंच. ‘अटलांटिक’ हेही ग्रीक पुराणातल्या ॲटलासच्या नावावरून झालेलं विशेषण. ‘कोडोली’ हे मात्र कुणाचं विशेषण नाही. ते आपल्या पायावर उभं असलेलं नाव आहे, त्याला बोट दाखवून वेगळं काढावं लागत नाही. म्हणून ‘आय लिव्ह इन कोडोली’, पण ‘दि इंडियन ओशन’.

याच वाटेने एक पाऊल पुढे गेलं की आणखी एक गंमत कळते. इंग्रजीत ‘ओशन’ हा शब्द गाळून नुसतं ‘दि अटलांटिक’, ‘द पॅसिफिक’ म्हणता येतं. पुस्तकांत, बातम्यांत सर्रास तसंच लिहितात. हिंदी महासागराला मात्र ही सवलत नाही. ‘शी क्रॉस्ड दि इंडियन’ म्हटलं तर अर्थाचा पार विचका होतो, कारण ‘दि इंडियन’ म्हणजे तो भारतीय माणूस. म्हणून अटलांटिक-पॅसिफिकसारखं आपल्या महासागराचं नाव इंग्रजीत तोडता येत नाही, ते दर वेळी पूर्ण घ्यावं लागतं. अरबी समुद्राचंही तसंच. ‘द मेडिटरेनियन’ चालतं, ‘दि अरेबियन’ चालत नाही.

तलाव आणि शिखरं या शिस्तीबाहेर राहिली. रंकाळ्याला ‘रंकाळा लेक’ म्हणायचं, लोणारच्या सरोवराला ‘लोणार लेक’, आधी काही नाही. कळसूबाई हे शिखर एकटं, म्हणून नुसतं ‘कळसूबाई’. पण सह्याद्रीची सगळी ओळ घेतली की ‘द सह्याद्रीज’ किंवा ‘द वेस्टर्न घाट्स’. पन्हाळ्याला काही लागत नाही, हिमालयाला ‘द हिमालयाज’ लागतं. पाण्यापुरती एक ढोबळ खूण गावातल्या मुलालाही पटते : जे पाणी समुद्राकडे निघालेलं आहे किंवा समुद्रात पसरलेलं आहे, त्याला ‘द’, जे चार काठांत अडवलेलं आहे, त्याला नाही. सुएझचा कालवा समुद्राला जोडलेला, म्हणून ‘द सुएझ कॅनॉल’. अपवाद निघतात. ‘हडसन बे’ हा समुद्राचाच फाटा असूनही त्याला ‘द’ लागत नाही, तर ‘द बे ऑफ बेंगॉल’ला लागतो, मध्ये ‘ऑफ’ आला की ‘द’ जवळपास ठरलेला. तरी दहापैकी आठ वेळा ही खूण उपयोगी पडते, आणि वर्गात तेवढं पुरेसं आहे.

मग चूक शिरते कुठून? तिची एक वाट वर्गाच्या भिंतीवरूनच येते. मूल महासागराचं इंग्रजी नाव पहिल्यांदा वाचतं ते नकाशावर. निळ्या रंगावर ठळक अक्षरांत ‘इंडियन ओशन’, ‘अरेबियन सी’, ‘बे ऑफ बेंगॉल’. नकाशावर ‘द’ छापत नाहीत. तिथे जागा कमी असते आणि ती नावाची चिठ्ठी असते, वाक्य नव्हे. दुसरी वाट बातम्यांच्या पट्टीवरून येते. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या बाजूला आलं, मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ कोकण घासून गुजरातेत गेलं. अशा वेळी इंग्रजी वाहिन्यांच्या पडद्यावर ‘सायक्लोन इन अरेबियन सी’ असंच धावत असतं. मथळ्यात ‘द’ गाळायचा हा इंग्रजी वृत्तपत्रांचा जुना रिवाज आहे. बातमी सुरू झाली की पहिल्याच वाक्यात तो परत येतो. मुलाच्या डोळ्यांत मथळा राहतो, बातमी राहत नाही.

‘द’ हा शब्द आपल्या गावात अजिबात अनोळखी आहे, असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सहकारी बँका आणि संस्थांच्या पाट्या वाचत गेलं तर किती तरी नावं ‘दि’ने सुरू होतात : दि अमुक अर्बन को-ऑप. बँक, दि तमुक सहकारी सोसायटी. तो हाच शब्द. पाटीवर तो इतका मुरला आहे की लोक त्याला नावाचाच भाग समजतात. बँकेपुढे ‘दि’ लावायला जी जीभ अडत नाही, ती महासागरापुढे का अडावी? पाटी दाखवूनच हा धडा सुरू केला तर मुलांना तो परका वाटणार नाही.

पाट्यांवरचा ‘दि’ उच्चाराच्या बाबतीत मात्र थोडी दिशाभूल करतो. इंग्रजीत हा शब्द दोन परींनी म्हणतात. पुढच्या शब्दाचा उच्चार व्यंजनाने सुरू होत असेल तर ‘द’, स्वराने सुरू होत असेल तर ‘दि’. म्हणून ‘द पॅसिफिक’, ‘द सदर्न ओशन’, ‘द कृष्णा’. आणि ‘दि इंडियन ओशन’, ‘दि अटलांटिक’, ‘दि आर्क्टिक’, ‘दि अरेबियन सी’. पाच महासागरांपैकी तिघांना ‘दि’ आणि दोघांना ‘द’. मोठ्याने दोनतीनदा म्हणून पाहिलं की जीभच सांगते : ‘द इंडियन’ म्हणताना दोन स्वर एकमेकांवर आपटतात, ‘दि इंडियन’ सुरळीत जातं. आणि ‘ओशन’ हा ‘ओशन’च आहे. स्पेलिंगमधले ‘ई’ आणि ‘ए’ दिसतात म्हणून ‘ओशियन’ म्हणायची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. ती शिक्षकांनी पहिल्याच दिवशी मोडावी.

पुढचा अडसर लिपीचा. देवनागरीत अक्षर एकाच आकाराचं. ‘हिंदी महासागर’ लिहिताना ‘म’ मोठा काढावा की लहान, हा प्रश्नच उद्भवत नाही. इंग्रजीत उद्भवतो. जुन्या मराठी शाळांत कॅपिटल अक्षरांना ‘पहिली लिपी’ आणि छोट्या अक्षरांना ‘दुसरी लिपी’ म्हणत. आजही कित्येक घरांत आजोबा नातवाला तसंच सांगतात. त्याच भाषेत बोलायचं तर महासागराच्या नावात दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर पहिल्या लिपीत हवं : ‘इंडियन’चा आय आणि ‘ओशन’चा ओ. बहुतेक मुलं आय मोठा काढतात, कारण देशाचं नाव मोठ्या अक्षराने हे पक्कं झालेलं असतं, आणि ओ लहान काढतात. पण इथे ‘ओशन’ नावाच्या आत गेला आहे. तो आडनावासारखा आहे. आडनावाचं पहिलं अक्षर कुणी लहान काढत नाही. नुसता महासागर म्हणायचं असेल, ‘दि ओशन वॉज काम’ असं, तर मात्र ओ दुसऱ्या लिपीत. आणि वाक्याच्या मध्ये ‘द’चा टी नेहमी दुसऱ्याच लिपीत.

नावांचं भाषांतर हा वेगळा विषय, आणि इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण आपली नावं चांगली अर्थपूर्ण आहेत. प्रशांत महासागर हे ‘पॅसिफिक’चं सुरेख मराठी रूप. मॅगेलनने 1520 मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाची खवळलेली सामुद्रधुनी पार केल्यावर समोरच्या पाण्याला शांत समुद्र म्हटलं, तोच अर्थ आपण उचलला. बंगालचा उपसागर शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेला की ‘बेंगॉल्स बे’ होतो. तसं कुणी म्हणत नाही, ‘द बे ऑफ बेंगॉल’च म्हणायचं. अरबी समुद्र हा समुद्र आहे, महासागर नव्हे, म्हणून ‘अरेबियन ओशन’ चूक. आणि हिंदी महासागरातलं ‘हिंदी’ पाहून ‘हिंदी ओशन’ लिहिणारी मुलंही भेटतात. हे ‘हिंदी’ भाषेचं नाव नाही. हिंदचा तो हिंदी. शंभर वर्षांपूर्वीचे मराठी लेखक भारतीयांना सहजपणे ‘हिंदी लोक’ म्हणत, त्यातलाच हा शब्द टिकून राहिला. आज ‘हिंद महासागर’ असंही रूढ होत आहे, त्यामुळे हा घोटाळा कमी व्हायला हरकत नाही.

पाचव्या महासागराचं नाव अनेक पालकांनी शाळेत ऐकलंही नसेल. अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्याला ‘द सदर्न ओशन’, दक्षिण महासागर, म्हणून नॅशनल जिऑग्राफिकच्या नकाशांत अधिकृत जागा मिळाली ती 8 जून 2021 रोजी, जागतिक महासागर दिनी. शास्त्रज्ञ हे नाव त्याआधीपासून वापरत होतेच. त्यामुळे घरातली मोठी माणसं चार महासागर सांगत असतील आणि पोर पाच, तर पोराचं ऐकावं.

‘समुद्र’ या एका शब्दात मराठीचं काम भागतं, इंग्रजीत तिथेही ‘द’ अर्थ बदलतो. ‘गो टू द सी’ म्हणजे समुद्रावर फिरायला जाणं, जसं कोल्हापूरची कुटुंबं सुटीत गणपतीपुळ्याला जातात. ‘गो टू सी’, ‘द’शिवाय, म्हणजे खलाशी होऊन बोटीवर नोकरीला जाणं. मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्या मुलाने मुलाखतीत यातलं कुठलं वाक्य बोलायचं, हे त्याला ठाऊक असलेलं बरं. ‘ॲट सी’ म्हणजे बोट भर समुद्रात आहे; तोच प्रयोग माणूस गोंधळून गेल्याच्या अर्थानेही करतात. आणि मुंबई ‘इन दि अरेबियन सी’ नसते, ‘ऑन दि अरेबियन सी’ असते; समुद्रात असतो तो सिंधुदुर्ग.

महासागर, इंग्रजी आणि कोल्हापूर यांची गाठ पडल्याची एक खरी गोष्ट इथे सांगायलाच हवी. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. पुढे प्रेस्बिटेरियन मिशनचं काम एकोणिसाव्या शतकातच कोडोलीपर्यंत पोचलं. गावातलं चर्च आणि मिशनचा दवाखाना ही त्याचीच खूण. 1878 मध्ये टपाल खात्यात नोकरीला असलेले गोपाळराव जोशी कोल्हापुरात होते. आपल्या बायकोला अमेरिकेत शिकायला मिळावं म्हणून त्यांनी इथल्या अमेरिकन मिशनला इंग्रजीत पत्र लिहिलं. ते अमेरिकेला परतलेल्या वाइल्डरांकडे गेलं आणि त्यांच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी ते 1880 मध्ये एका दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना वाचलं आणि कोल्हापुरातल्या त्या अनोळखी मुलीला मदत करायचं ठरवलं. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी.

पुढे दोघींचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालला. 1883 च्या फेब्रुवारीत आनंदीबाईंनी सेरामपूरला भर सभेत, आपण अमेरिकेला का जात आहोत, हे इंग्रजीतून सांगितलं. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. सुएझचा कालवा 1869 मध्येच खुला झाला होता. त्या काळी कलकत्त्याहून त्या वाटेने इंग्लंडमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाला जी पाणी ओलांडावी लागत, त्यांची नावं ओळीने म्हणून पाहावीत : द बे ऑफ बेंगॉल, दि इंडियन ओशन, दि अरेबियन सी, द रेड सी, द सुएझ कॅनॉल, द मेडिटरेनियन, दि अटलांटिक. ज्या समाजात समुद्र ओलांडणं हे धर्म बुडवणं होतं, त्या समाजातली मुलगी ही सगळी पाणी पार करून गेली, मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाली, आणि कोल्हापूर संस्थानाने तिला आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री विभागाची जागा देऊ केली. त्या कामावर रुजू होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, तिचा मृत्यू झाला. ही नावं वर्गात घोकून घेण्यापेक्षा तिच्या वाटेवरून क्रमाने म्हणून घेतली तर ती विसरणार नाहीत.

एक शेवटची बारीक गोष्ट, जी ऊसपट्ट्यातल्या घरांत दर वर्षी कानावर येते. एप्रिल लागला की पावसाच्या अंदाजात दोन शब्द येतात, अल निनो आणि इंडियन ओशन डायपोल. पहिला प्रशांत महासागरातला. पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमाराला येणाऱ्या कोमट पाण्याला दिलेलं हे स्पॅनिश नाव. अर्थ बाळ, म्हणजे बाळ येशू. त्यातला ‘अल’ हाच स्पॅनिशमधला ‘द’ आहे. म्हणून इंग्रजीत नुसतं ‘अल निनो’ म्हणतात, आधी पुन्हा ‘द’ लावायची गरज पडत नाही. दुसरा आपल्या महासागरातला, 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखून नाव दिलेला. हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा तापली तर बहुधा आपल्या मॉन्सूनला बळ मिळतं, उलट झालं तर ओढ बसू शकते. इथे ‘दि इंडियन ओशन डायपोल’ म्हणताना ‘दि’ महासागराचा राहत नाही, डायपोलचा होतो. महासागराचं नाव तिथे फक्त विशेषणाचं काम करतं. त्यामुळेच ‘ॲन इंडियन ओशन आयलंड’, हिंदी महासागरातलं एक बेट, हेही बरोबर ठरतं आणि 26 डिसेंबर 2004 च्या लाटांना ‘दि इंडियन ओशन त्सुनामी’ म्हणतात. बेट, त्सुनामी, डायपोल काढून टाकले आणि नुसता महासागर उरला, की ‘दि’ पुन्हा त्याच्याकडे येतो. कोडोलीच्या बांधावर मोबाइलमध्ये पावसाचा इंग्रजी अंदाज वाचणाऱ्या पोराने ‘वॉर्मिंग ऑफ दि इंडियन ओशन’ हे शब्द मोठ्याने म्हणावेत, ‘दि’सकट.